रेवदंड्याची सातखणी: बुरुज म्हणायचं की चर्चचा मनोरा?

खाडीकाठ: रेवदंड्याच्या कोटात, वाड्यांच्या मधोमध सातखणी (सात खणांची, म्हणजे सात मजल्यांची पोर्तुगीज इमारत) उभी आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये उंची ९६ फूट दिलीय. वरचे खण कधीच ढासळले. आत शिरून मान वर केली की मजल्यांच्या जागी थेट आभाळ. अनेक जण तिला बुरुज म्हणतात, आणि हे मला खटकतं. फलकावर स्पष्ट 'फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा' लिहायला हवं. बुरुज कसा असतो ते कुलाब्याच्या किल्ल्यात बघा: बुटका, जाडजूड, तटाच्या अंगचा. ही चौकोनी, उंच, खिडक्यांची. असली वस्तू तोफेपुढे कोण उभी करेल?

दर्यावर्दी: अजिबात पटलं नाही. सेंट बार्बराचा मनोरा म्हणतात ना त्याला? ही बार्बरा तोफचींची संत आहे! १५०८ साली याच बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना झोडपलं, त्यांचा सेनानी लोरेन्सु द अल्मेदा इथेच पडला. पुढे १५२१ मध्ये त्यांनी किल्ला बांधायला घेतला. असा मार खाल्लेली माणसं कुंडलिकेच्या मुखाशी एवढी उंची फक्त घंटा वाजवायला ठेवतील? आणि १५७०-७१ चा निजामशाही वेढा विसरलात. तेव्हा तटाबाहेरचे मठसुद्धा लढवले गेले.

खाडीकाठ: टेहळणी झाली असेल, नाही म्हणत नाही. पण वेढ्यात लढवलं म्हणून देऊळ किल्ला होत नाही. मूळ हेतू लिहा, वापर त्याखाली.

पोफळीची वाडी: मी कोटातच वाढले. आजी ना बुरुज म्हणायची ना मनोरा, नुसतं 'सातखणी कडे जाऊन येते'. खण हा आपल्या वाड्यांच्या बोलीतला शब्द. १७४० मध्ये कोट मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले. गावाने परक्याची इमारत आपल्या मापाने मोजली आणि तेच नाव टिकलं. फलकावर आधी तेच हवं. आणि दादांनो, पावसाळ्यात दगडांच्या सांध्यांतून झाडं फुटतात, ती लहान असतानाच काढायला हवीत. पिंपळाने एकदा मूळ धरलं की चिरा हलतोच.

दर्यावर्दी: ताई, नाव सातखणीच राहू दे, मान्य. पण खाली बार्बरा कोण होती ते लिहिल्याशिवाय 'चर्चचा मनोरा' एवढंच लिहिणं मला अर्धवट वाटतं. त्यावर मी मागे हटणार नाही.