बाराव्यानंतर तुमच्या दारात कोण आलं? – अनुभव धागा

अबोली
आज सकाळी आमच्या गोव्यातला घरोघर पाव देणारा पोदेर आला तो कोपऱ्यावरच्या घरासमोर हॉर्न न वाजवता पुढे गेला. तिथले आजोबा परवा गेले. त्यांच्या कुंपणापासून सायकलवरून उतरला, चालत आमच्या गेटपर्यंत आला आणि मग पों पों. माझे बाबा गेले तेव्हा आमच्या दारातही तो असाच गप्प यायचा. उंडे (गोल पाव) पिशवीत घालून गेटला अडकवायचा. पैशांचा विषय सुतक फिटल्यावर, तोही आईनेच काढला. आज सकाळपासून सगळं पुन्हा वर आलंय.

तेव्हा घरात चूल पेटली नाही, पण उपाशी कोणीच राहिलं नाही. एका घरची उकड्या तांदळाची पेज, दुसऱ्या घरचं तोणक, म्हणजे कडधान्याची आमटी. बारावं झालं, पाहुणे मडगावला रेल्वे नाहीतर म्हापशाला कदंबा बस पकडून आपापल्या गावी गेले. मला विचारायचंय ते त्यानंतरचं. घर रिकामं झाल्यावर तुमच्याकडे कोण आलं? लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

रानमोगरा
सकाळी सकाळी रडवलंस गं. डबे भरून मग लिहिते.

कुळागर
आमचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा. भाऊ गेला, मी मुंबईत, घरी आई एकटी. नारळ तयार होऊन माडावरच राहिलेले. कोणी बोलावलं नाही तरी हा आला, पाडा (तयार नारळ) काढला, सोलून व्यापाऱ्याकडे पोचवला आणि पैसे आईच्या हातात ठेवले. आई त्याची मजुरी देऊ लागली तर म्हणाला, "बाय, ह्या पाड्याची नाका." पुढच्या पाड्याला मात्र हक्काने घेतली, आईला ते फार आवडलं. अजून तोच येतो.

सांखळीकर
माझ्यासाठी पंचायतीतला कारकून. रडायला माणसं असतात हो, कागदाला कोणी नसतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, नाहीतर विलंब शुल्क आणि हेलपाटे, हे त्याने स्मशानातून परतताना हळूच कानात सांगितलं. वहिनीचा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज त्यानेच घरी बसून भरला. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे नवरा-बायकोची मिळकत सहसा निम्मी-निम्मी धरतात, वारसाचं काम त्या हिशोबाने नोटरीकडे होतं. बाहेरून सून आली असेल तर तिला हे ठाऊक नसतं. कुणीतरी शेजारी बसून समजावून सांगा तिला. हेही सांत्वनच.

मांडवीकाठ
आम्ही मूळचे पुण्याचे, पर्वरीला फ्लॅट. हे अचानक गेले तेव्हा इथे नात्यातलं कोणी नाही. वरच्या मजल्यावरच्या आंटीचे मिस्टर त्याच पावसाळ्यात गेले होते. तोवर आमची ओळख लिफ्टपुरती. त्यांच्या म्हयन्याच्या मिसाला, म्हणजे महिना झाल्यावरच्या चर्चमधल्या प्रार्थनेला आंटी मला घेऊन गेली. तिथलं काही कळत नव्हतं, पण पाद्रीने तिच्या मिस्टरांचं नाव घेतलं तेव्हा आंटीने माझा हात धरला आणि ह्यांचं नाव पुटपुटली. मीस संपेपर्यंत हात सोडला नाही.
त्या गणेश चवथीला माझ्याकडे नेवऱ्या (करंज्या) नाहीत, नाताळात तिच्याकडे दोदोल ही गोड मिठाई नाही. दोन्ही वेळा इमारतीतून इतकी ताटं आली की आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाटण्या करत होतो. तुला हे आवडतं, मला ते. गेल्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवले ती त्या दिवशी.

केपेकर
@मांडवीकाठ आंटींना नमस्कार सांगा. नेवऱ्यांत सुकं खोबरं ना? ओल्याच्या दोन दिवसांत खवट होतात.

रानमोगरा
ओल्या खोबऱ्याच्या टिकतात, सारण नीट परतायला हवं. बरं, माझं. आई २०२१च्या मे महिन्यात गेली. कोविड. कोणी येऊ शकलं नाही, पेज नाही, डबा नाही, खांद्याला खांदा नाही. अजून मला वाटतं तिचं काहीतरी करायचं राहिलंय. आईबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई रोज दिवेलागणीला फोन करायच्या. धीर वगैरे देत नव्हत्या. इसवण (सुरमई) काय भावाने मिळाला, कैऱ्या कोणी उतरवल्या, एवढंच. मध्येच आईचा एखादा किस्सा. आईने वर्गात शिरलेलं वासरू खडू दाखवत बाहेर काढलं होतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. आमच्या आईने!

अबोली
@रानमोगरा कुठे राहतेस गं तू? रविवारी येऊ का? आईचे फोटो बघू.

रानमोगरा
डिचोलीला. ये. जेवायलाच ये.

फोंड्याची_आजी
नातीच्या मोबाइलवरून लिहिते आहे. आमचे हे गेले तेव्हा मी चाळिशीची. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं, देवळात मी आपली खांबामागे उभी राहायची. गावच्या महिला भजनी मंडळातल्या दोघी एका संध्याकाळी घरी आल्या, चहाही घेतला नाही, म्हणाल्या, टाळ धरायला माणूस कमी आहे, चल. आवाज फुटेना माझा. कोणी काही बोललं नाही, सगळ्या गात राहिल्या. असे किती दिवस गेले, आणि मग एकदा अभंगाला ध्रुपद धरलं ते मीच. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर भजन स्पर्धेलाही गेलो, मला पहिल्या रांगेत बसवलं त्यांनी. विधवा बाईला मागे उभी करणाऱ्यांचा मला अजून राग येतो. देवाला काही अडत नाही, माणसांनाच अडतं.

वास्कोवाला
आजी, नमस्कार करतो. आमच्या वास्कोचा दामोदर भजनी सप्ताहसुद्धा असाच साथीच्या दिवसांत सुरू झाला. माणसं पटापट जात होती, तेव्हा गावकरी जांबावलीच्या देवळातून दामोदराचा नारळ घेऊन आले आणि अखंड भजनाला उभे राहिले. बाबा गेल्यावर त्या वर्षी मी रात्रभर तिथे बसून होतो. शेजारी कोण होता माहीत नाही, पहाटे त्याने स्वतःची शाल माझ्या अंगावर घातली.

सावली
मी समुपदेशनाचं काम करते म्हणून एवढंच. शेजार असतो, तरी कधी कधी पुरत नाही. महिन्यांमागून महिने झोप नाही, कामावर जाववत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पर्वरीच्या संगत संस्थेने तर आपल्याच गोव्यात साध्या माणसांना शिकवून दवाखान्यांतून मनाच्या आजारात मदत करायला उभं केलं. लाज कसली त्यात.

मांडवीकाठ
सावली, नंबर आंटीलाही दिला. आजी, तुमच्या मंडळात मराठी बोलणारी, अजिबात सूर नसलेली बाई चालेल का?

फोंड्याची_आजी
चालेल. मंगळवारी चार वाजता, देवळाच्या मंडपात. आंटीलाही आण. पर्वरीहून पणजी, तिथून फोंड्याची बस. स्टँडवर उतरलीस की फोन कर, नात स्कूटर घेऊन येईल.