मिलेच्या चित्रातल्या बायकांचे चेहरे दिसत का नाहीत?

पार्लेकरीण: परवा दादरला एका स्लाइडशोला गेलेले, १९व्या शतकातली फ्रेंच चित्रं. मोने-देगा बघायला गेले आणि डोक्यात राहिल्या मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांतल्या कष्टकरी बायका, एक भट्टीत पाव सारतेय, एक उभ्या लाकडी भांड्यात लोणी काढतेय, एक दिव्यापाशी शिवत बसलीय. पण बहुतेकींच्या माना खाली, चेहरा सावलीत नाहीतर पाठमोरा. मुद्दाम आहे का हे? की बुवाला चेहरे काढायचा कंटाळा? 😀 आणि हे सगळं पॅरिसच्या शेठजींच्या दिवाणखान्यासाठी गरिबीचं कौतुक वाटलं मला, खरं सांगते.

जेजेचा_जुना: कंटाळा कसला, आधी पोर्ट्रेटं करूनच पोट भरायचा तो. 'पाव भाजणारी' (१८५४) परत बघा, बाह्या वर सारलेल्या, लांब दांडा दोन्ही हातांनी धरून भट्टीत ढकलतेय, बघायचंय ते हात आणि खांदे. आता त्याच काळातल्या ज्यूल ब्रेतों या चित्रकाराचं सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं) वेचून परतणाऱ्या बायकांचं चित्र (१८५९) शेजारी ठेवा, अनवाणी आहेत पण चाल महाराणीची! ते फ्रान्सचा तेव्हाचा बादशहा तिसऱ्या नेपोलियननं विकत घेतलं यात नवल नाही.

परळचा_पक्या: कौतुक म्हणताय पण १८५७ला (आपलं जेजे आर्ट स्कूल सुरू झालं तेच साल) मिलेच्या सरवा वेचणाऱ्या तिघी पॅरिसच्या सालोंत (तिथलं मोठं सरकारी चित्रप्रदर्शन) लागल्या तेव्हा बरेच टीकाकार बिथरले होते. फ्रान्समधली १८४८ची क्रांती होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, गरिबांच्या उठावाची धास्ती होतीच, त्यात मागे गंजी रचल्यात, घोड्यावर मुकादम, आणि पुढे या वाकून एकेक कणीस उचलतायत. घरातल्या लोणीवालीची कोणाला भीती वाटणार? घरकाम म्हटलं की सगळे गप्प, तिथेही आणि इथेही.

जेजेचा_जुना: @पक्या बरोबर. अजून एक, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईचं चित्र आहे, त्याबद्दल मिलेनं पत्रात लिहून ठेवलंय की ती पाणक्या किंवा मोलकरीण वाटायला नको, घरच्यांच्या सूपसाठी पाणी काढणारी वाटली पाहिजे. ओझ्यानं हात ताणलेले आणि उन्हामुळे डोळे मिचकावलेले, त्यामुळे तोंड जरा वाकडं झालंय. म्हणजे चेहरा काढलाच तर तोही कामानं वाकवलेला.

पार्लेकरीण: हे भारीय, शोधते. पण तो उंबऱ्यावर तीन पोरांना भरवणाऱ्या आईवाला फोटोपण दाखवला होता, पक्ष्यांच्या पिल्लांसारखी रांगेत, ते तरी गोग्गोड आहेच ना?

परळचा_पक्या: आहे की. नवरा बघितलात का त्यात? मागे बागेत खणतोय, एवढूसा.