भूक मारणारं इंजेक्शन : आईला अर्धा डोस दिला तर चालेल का? लवकर सांगा

मृदुला_प
आईला वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलंय. भूक पार गेली आहे, दोन घास खाल्ले की ताट सारते. पण आता संध्याकाळी हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, आणि आज देवापुढे बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रविवारी पुढचं इंजेक्शन आहे. क्लिनिकमध्ये फोन कोणी उचलत नाही. इंजेक्शन जास्त स्ट्राँग पडतंय हे उघड आहे, तर कुपीतलं अर्धंच दिलं तर चालेल का? ज्यांनी घेतलंय किंवा घरात कोणाला दिलंय त्यांनीच सांगा. वजन कसं कमी करावं यावर सल्ले नकोत, ते सगळे करून झालेत.

सह्याद्रीवारा
कोणतं इंजेक्शन? किती मिलिग्रॅम? आईंचं वय, वजन, उंची? इतक्या माहितीवर कोणी काय सांगणार?

रेवती_नाशिक
मी सेमाग्लुटाइडचं पेन घेते, तेही वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. सुरुवातीला मलाही मळमळ व्हायची, सकाळचा चहा नको वाटायचा. तळलेलं आणि तुपकट बंद केलं, जेवण निम्म्यावर आणलं, तेव्हा त्रास थांबला. हे औषध पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं, त्यामुळे जुन्या सवयीने पोटभर जेवलं की त्रास होतो. डोस मनाने अर्धा करू नका. माझ्या औषधात ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून महिन्या-महिन्याने वाढवत २.४ पर्यंत नेतात, ते शरीराला सवय व्हावी म्हणूनच.

मृदुला_प
खोक्यावर टर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅम लिहिलंय. वय ६१, वजन ८४, उंची पाच फूट. गुडघे गेलेत, सर्जन म्हणाले वजन उतरवा मग ऑपरेशनचं बघू, म्हणून हे सुरू केलं. बाकी विशेष काही नाही. रेवतीताई, मळमळ नाहीये हो, थरथर आहे.

विनायक_काका
ताई, राग मानू नका. ही सगळी इंजेक्शनं म्हणजे पळवाट आहे. दिवसातून दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही नाही आणि रोज चालायचं. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने मी स्वतः वजन उतरवलं आहे, एक रुपया खर्च न करता. आईंना भूक नाहीच आहे तर ही उत्तम संधी आहे. सकाळचा नाश्ता बंद करा, दोन जेवणांवर आणा, इंजेक्शन फेकून द्या.

रेवती_नाशिक
काका, तुमचं वजन उतरलं याचा आनंद आहे. पण एकसष्ट वर्षांच्या बाईला चक्कर येतेय आणि तुम्ही नाश्ता बंद करायला सांगताय?

औषधवाला
मी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो. आधी हे सांगा: आईंना डायबेटिस आहे का, आणि घरात रोज कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाबाची, थायरॉइडची, सगळ्या. थरथर, घाम आणि अंधारी हे तिन्ही एकत्र आलं की पहिला विचार साखर उतरल्याचा करायचा. एकट्या टर्झेपटाइडने साखर सहसा इतकी उतरत नाही.

मृदुला_प
शुगर आहे, पण बरीच वर्षं कंट्रोलमध्ये आहे म्हणून लिहिलं नाही. साधी गोळी आहे, सकाळी नाश्त्याआधी एक. आमच्या फॅमिली डॉक्टरांची. इंजेक्शनवाले डॉक्टर वेगळे. आता त्या गोळीचा याच्याशी काय संबंध? मला फक्त अर्ध्या डोसचं सांगा ना कोणीतरी.

औषधवाला
संबंध फार मोठा आहे. पट्टी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मेटफॉर्मिनच्या सोबत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड लिहिलंय का? कित्येकदा नावाच्या शेवटी नुसतं जी किंवा जीपी असतं, आणि घरात सगळे तिला मेटफॉर्मिनची साधी गोळी समजतात.
आणि ग्लुकोमीटर घरात असेल तर वाट न बघता आत्ता साखर मोजा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर अर्धी वाटी पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की पोळी-भाजी, दूध-भात, जे जाईल ते थोडं खायला द्या. आई अर्धवट शुद्धीत असल्या तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

टेक्सासचा_माणूस
मी इकडे टर्झेपटाइडच घेत होतो, इथे वजनासाठी ते झेपबाउंड नावाने मिळतं. माझा अनुभव सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यातला खाण्याचा विचार थांबला. मीटिंग चालू असताना फ्रीजमध्ये काय आहे हे आठवणं, जेवण झाल्यावर लगेच पुढचं जेवण ठरवणं, हे सगळं बंद. ज्यांच्या डोक्यात ते कधी चालू नसतं त्यांना ते कळत नाही, आणि तेच लोक आम्हाला इच्छाशक्तीवर भाषण देतात. मग विमा बंद झाला, औषध सुटलं, भूक परत आली, वजनही चढायला लागलं. त्यामुळे आईंचं सुरू करताना पुढच्या काही वर्षांच्या खर्चाचा विचार केलाय का?

विनायक_काका
हेच मी म्हणतोय. सोडलं की परत. मग उपयोग काय? मी तर वाचलंय की औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत येतं.

रेवती_नाशिक
बरोबर वाचलंय, सेमाग्लुटाइडच्या चाचणीचा पुढचा भाग आहे तो. पण त्याच चाचणीचा आधीचा भागही वाचा, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. त्यात दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन होतं, तुम्ही सांगताय तसंच, वर तज्ज्ञांची देखरेख. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं आणि नुसत्या मार्गदर्शनावर असलेल्यांचं २.४ टक्के. दुसऱ्या गटातले सगळे आळशी होते का? रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब चढतो, म्हणून ती गोळी निरुपयोगी ठरत नाही. लठ्ठपणा आजार आहे हे मान्य करा, मग बोलू.

विनायक_काका
आमच्या लहानपणी हा आजार नव्हता. तेव्हा लोक शेतावर चालत जायचे.

सह्याद्रीवारा
काका, मृदुलाताई शेतावर जाणार नाहीत, त्यांची आई गुडघ्यांमुळे चालू शकत नाही. वर लिहिलंय त्यांनी.

मृदुला_प
मोजली. ६१ आली. मला वाटलं मशीन बिघडलं, परत मोजली, ६३. साखरपाणी दिलंय. आणि पट्टीवर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड २ असं आहे.

औषधवाला
बरं झालं मोजलीत. पंधरा मिनिटांनी परत मोजून इथे टाका, आणि नंतर जेवायला द्या.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. जेवण आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पण रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच. मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि पोटातलं अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतं. शरीरातलं हे हार्मोन मिनिटा-दोन मिनिटांत नष्ट होतं. औषधं त्याचीच नक्कल करतात, पण दिवसेंदिवस टिकतात, म्हणून आठवड्याला एक पुरतं. टर्झेपटाइड याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. साखर उतरू लागली की या औषधांचा इन्सुलिनवरचा जोर आपोआप कमी होतो.

ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवत राहतं, रक्तात साखर असो वा नसो. इतकी वर्षं आई नीट जेवत होत्या म्हणून ते खपून गेलं. आता भूक गेली, जेवण दोन घासांवर आलं आणि गोळी तेवढीच राहिली. म्हणून हे इंजेक्शन सुरू करताना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस कमी करायचा विचार आधीच करावा लागतो. इथे दोन डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत नाहीत असं दिसतंय.

२.५ हा टर्झेपटाइडचा सुरुवातीचा, सगळ्यात कमी डोस आहे. तो स्ट्राँग पडत नाहीये. कुपीतलं अर्धं काढून उरलेलं ठेवण्याचाही विचार नको, ती कुपी एकदाच वापरायची असते. फॅमिली डॉक्टरांना आत्ताच फोन करा. आकडे सांगा, इंजेक्शनचं नाव सांगा, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय उद्या सकाळची ती गोळी देऊ नका.

एक राहिलं. आज दिवसभरात त्यांनी काय खाल्लंय?

मृदुला_प
आज मार्गशीर्षातला गुरुवार. उपास होता. सकाळी गोळी घेतली, दुपारी थोडं दाण्याचं कूट घालून वरी, तीही अर्धी टाकली. मागच्या गुरुवारीही संध्याकाळी असंच झालं होतं, तेव्हा आम्हाला वाटलं दिवसभराच्या धावपळीने.
आता ९४ आली. वरण-भात खातेय.

कोकणकन्या
फ्रीजबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलं की टाकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. एसटीने गावी जाताना थंड पिशवीत न्या, पण बर्फाला थेट चिकटवू नका. आमच्याकडे लाइट तासन्‌तास जातात म्हणून हे महत्त्वाचं.

जिज्ञासू_जयंत
अवांतर: या औषधांच्या घराण्याचा उगम एका विषारी सरड्यात आहे. अमेरिकेच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर. त्याच्या विषात जॉन एंग या संशोधकाला एक्सेंडिन-४ सापडलं, ते माणसाच्या जीएलपी-१ सारखं वागतं आणि लवकर नष्ट होत नाही. त्यावरून एक्सेनाटाइड बनलं, २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

विनायक_काका
म्हणजे सरड्याचं विष टोचून घेताय तुम्ही लोक.

जिज्ञासू_जयंत
नाही काका. सेमाग्लुटाइड माणसाच्या हार्मोनवर बेतलेलं आहे, टर्झेपटाइडही माणसाच्याच जीआयपीवर. दोन्ही कारखान्यात तयार होतात. सरड्याने वाट दाखवली एवढंच.

सह्याद्रीवारा
किमतीचं काय? मौंजारो, म्हणजे आपल्याकडचं टर्झेपटाइड, मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ ची कुपी ३५०० आणि ५ ची ४३७५ होती, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. वेगोव्ही, म्हणजे वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, त्याचे भाव नोव्हेंबर २०२५ मध्ये ३७ टक्क्यांपर्यंत उतरवले. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर आपल्या कंपन्याही ते बनवू शकतात. माझ्या मते भाव उतरेपर्यंत थांबता येत असेल त्याने थांबावं.

टेक्सासचा_माणूस
गुडघे थांबत नाहीत ना पण. बाई घरात बसून आहे.

मृदुला_प
फॅमिली डॉक्टरांशी बोलणं झालं. त्यांना इंजेक्शनबद्दल काहीच माहीत नव्हतं. ग्लिमेपिराइडवाली गोळी बंद, नुसती मेटफॉर्मिन चालू. साखर रोज चार वेळा मोजून वहीत लिहायची आणि सोमवारी वही घेऊन जायचं. रविवारचं इंजेक्शन पूर्ण द्यायला सांगितलंय, आकडे ठीक राहिले तर. क्लिनिकलाही ते स्वतः फोन लावतो म्हणाले. औषधवाला, तुमचे खूप आभार. मनापासून.
आईला उपास सोडायला सांगितला तर ती ऐकत नाही. पूजा आणि कहाणी तिला करायचीच आहे.

रेवती_नाशिक
पूजा करू देत, पोट रिकामं ठेवू नका. दर दोन-तीन तासांनी लहान वाटीभर काहीतरी, आणि त्यात प्रथिनं बघा: दही, ताक, पनीर, इतर दिवशी मुगाचं धिरडं, अंडं चालत असेल तर तेही. या औषधांवर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात पायांतली ताकद गेली तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उभं राहणं अवघड होईल. खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या. पोट साफ होत नसेल तर पाणी वाढवा, इसबगोल डॉक्टरांना विचारून.

विनायक_काका
प्रथिनांचं रेवतीताईंनी सांगितलं ते पटलं. आणि मृदुलाताई, नाश्ता बंद करा असं मी वर लिहिलं होतं ते कृपया आईंच्या बाबतीत करू नका. गोळीचं मला माहीत नव्हतं. वजनाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

अस्मिता_ठाणे
माझी बहीण हेच घेतेय, ती ३४ वर्षांची आहे, गर्भनिरोधक गोळ्याही चालू आहेत. तिने काही बघायला हवं का?

औषधवाला
हो. टर्झेपटाइडने तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायचं. मूल हवं असेल तर औषध कधी थांबवायचं ते आधीच डॉक्टरांशी ठरवायचं. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर (त्याचा एक दुर्मिळ प्रकार) झालेला असेल, किंवा तिला स्वतःला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर तेही लपवू नये.

मृदुला_प
आज सकाळी उपाशीपोटी साखर १०८. थरथर नाही. एक शेवटचं विचारते, उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली तर हे इंजेक्शन आड येईल का?

औषधवाला
आड येत नाही, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं. पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे रात्रभर उपाशी ठेवूनही आत अन्न उरलेलं असू शकतं, आणि भुलेत ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख त्याच वहीत लिहून ठेवा. किती दिवस आधी थांबवायचं ते भूलतज्ज्ञ आणि सर्जन मिळून सांगतील.