ट्रिंकोमालीला साग नको
"खरी ट्रिंकोमाली सागाची, तर मॉडेलही सागाचंच हवं" असं या जुन्या जहाजाबद्दल वर कुणीतरी लिहिलंय. भावना कळते. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी बांधलेली ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे, त्यात सागाचा वाटा मोठाच. पण १:६४ ला (खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या मॉडेलला) सागाच्या रेषा फार ठसठशीत दिसतात, आणि जहाजाच्या अंगावर बसवायची पातळ पट्टी वाकवताना तडकते. मी हेदूचं लाकूड वापरलं. मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर दाबून ठेवल्या. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, मात्र प्रत्येक पट्टी निमुळती करावीच लागते. मी आळस केला, सातव्या पट्टीची कड वर उचलली गेली, सगळं उखडून पुन्हा. चिमटे अजून परत केलेले नाहीत, घरात त्यावरून बोलणी खातोय!