पोर्चचे पडदे: शिवायच्या आधी कापड भिजवा
रेडीमेड आउटडोअर पडदे परवडत नाहीत, घरी शिवायचे तर कापड कुठलं घेऊ असं कुणीतरी विचारलंय म्हणून लिहिते. आमचं पोर्च पश्चिमेला, नाशकात एप्रिल-मे मधे चारनंतर झोपाळ्यावर बसायची सोयच नाही, म्हणून मांजरपाट आणला, पण शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा हं, कोरं सुती कापड आटतं, मी कंटाळा केला आणि पहिल्याच धुण्यात पडदे वीतभर वर गेले. रुंदी जागेच्या निदान दीडपट घ्या म्हणजे छान चुण्या पडतात, नाहीतर चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. रॉडच्या भानगडीत पडले नाही, प्लास्टिक कोटिंगवाली तार ताणून बांधली. खालच्या दुमडीत जुनी साखळी घातलीय, नाहीतर वारा सुटला की पडदा थेट चहाच्या कपात.

पावसाळ्यात मात्र सुती काढूनच ठेवा, बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की सहज जात नाहीत. तेव्हा मी ७५ टक्केवाली (म्हणजे तेवढं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेटची जाळी लावते, शेतीसामानाच्या दुकानात मिळते, पाणी पूर्ण अडत नाही पण झडीचा जोर मोडतो. दिसायला नर्सरी वाटते, सासूबाई अजून नावं ठेवतात.