सागरी 'दुर्घटना' आणि 'घटना': रेघ कुठे मारायची?

प्रश्न: जहाजांच्या अहवालांत 'मरीन कॅज्युअल्टी' आणि 'मरीन इन्सिडेंट' असे दोन वेगळे शब्द येतात. दोन्हींना 'अपघात' म्हटलं तर काय बिघडतं?

उत्तर १: पुष्कळ बिघडतं. 'कॅज्युअल्टी' म्हटलं की जखमी माणूस डोळ्यांसमोर येतो, पण इथे ते प्रसंगाचं नाव आहे. कुणाला ओरखडाही न येता जहाज गाळात रुतलं, तरी ती कॅज्युअल्टीच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची तपास संहिता १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. तिच्यानुसार मृत्यू, गंभीर दुखापत, माणूस जहाजावरून नाहीसा होणं, जहाज बुडणं किंवा सोडून द्यावं लागणं, रुतणं, निकामी होणं, टक्कर, मोठं नुकसान, पर्यावरणाची गंभीर हानी हे सगळं 'कॅज्युअल्टी'त मोडतं. यातलं काहीच झालं नाही, पण सुरक्षितता धोक्यात आली किंवा वेळीच सावरलं नसतं तर आली असती, तर ते 'इन्सिडेंट'. मला पहिल्याला 'दुर्घटना' आणि दुसऱ्याला 'धोक्याची घटना' हे शब्द योग्य वाटतात. नुसतं 'घटना' फार मोघम होतं.

उदाहरणार्थ, जहाज धक्क्याला बांधताना ताणलेला दोर तुटला आणि झटक्यात मागे आला. वाटेत कुणी नव्हतं, तर धोक्याची घटना. तोच दोर खलाशाच्या पायावर बसून हाड मोडलं, तर दुर्घटना. दोर तोच, ताणही तोच, म्हणून दोन्हींचं कारण सारख्याच बारकाईनं शोधायला हवं.

प्रश्न: दुखापत 'गंभीर' कधी?

उत्तर २: दुखापतीच्या दिवसापासून सात दिवसांच्या आत सुरू होऊन ७२ तासांहून जास्त काळ माणूस नेहमीसारखा वावरू शकला नाही, तर. शिवाय प्रसंगाचा जहाजाच्या कामकाजाशी थेट संबंध हवा. बंकवर (जहाजावरच्या खाटेवर) झोपलेल्या माणसाचा केवळ आजारानं झालेला मृत्यू दुर्घटनेत बसत नाही.

उत्तर ३: मराठीनं एक फरक आधीच करून ठेवलाय: अपघात आणि घातपात. हानी करण्याच्या हेतूनं मुद्दाम केलेलं कृत्य ही संहिता वगळते. म्हणून कारण कळण्याआधी 'घातपात' लिहू नये.

उत्तर १: क्रियापदंही जपून वापरावीत. जहाज एका बाजूला झुकलं तर 'कललं', आडवं पडलं तर 'कलंडलं', तळ वर आला तर 'उलटलं'. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलली, कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं. अशा वेळी 'उलटली' लिहिलं तर बचावपथकाला चुकीचं चित्र मिळतं. किती अंश कललंय, कल स्थिर आहे की वाढतोय, हेही लिहावं. आणि दोन जहाजांची 'टक्कर', धक्क्याला मात्र 'धडक'.