हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची नोट खरी की खोटी?

चिल्लरवाला:
नाण्यांच्या प्रदर्शनात एक जर्मन नोट घेतली, ५० फेनिगची (तिकडचा जुना पैसा, १०० फेनिगचा एक मार्क), पत्त्याच्या पानापेक्षा थोडी मोठी, त्यावर हॅमेलिनचा पुंगीवाला आणि उंदीर. देशाचं नाव नाही, फक्त गावाचं. बायको म्हणते खेळण्यातली आहे. कोणाला माहितीये का?

जुनं_ते_सोनं:
खरी असणार, याला नोटगेल्ड म्हणतात. गंमत म्हणजे यातला 'नोट' आपला नोट नव्हे, जर्मनमध्ये नोट म्हणजे अडचण, नड. 1914 ला युद्ध सुरू झालं तसे लोकांनी चांदीचे मार्क घरात दाबून ठेवले, पुढे तांबं आणि निकेल सरकारलाच युद्धाला लागायला लागलं, मग पावाच्या दुकानात सुटे आणायचे कुठून? म्हणून गावच्या नगरपालिका, बचत बँका, कारखाने सगळ्यांनीच आपापल्या चिठ्ठ्या छापल्या. साधारण त्या गावापुरत्याच चालायच्या, बऱ्याचशांवर मुदतही असायची.
पण तुझी चित्रवाली आहे ना, म्हणजे बहुतेक 1920 ते 22 मधली. तोपर्यंत गावांना कळलं होतं की शौकीन लोक नोटा अल्बममध्ये ठेवतात, बदलायला परत आणतच नाहीत, म्हणजे ५० फेनिग फुकटात खिशात! मग काय, गावोगावी रंगीत सेट निघाले. तारीख बघ एकदा.

रेशीमगाठी:
बीलेफेल्ड गावच्या बघा कधीतरी, कापडाचं गाव, बचत बँकेने चक्क रेशमावर आणि लिननवर छापल्या. माझ्याकडे एक आहे, कडेला लेसची किनार, रुमालच वाटतो. चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माइसन गावाने तर चिनीमातीची नाणी काढली.

भोकाचा_पैसा:
आपल्याकडेही झालंय की हे, दुसऱ्या महायुद्धात सुट्यांची बोंब होती तेव्हा मोरवी, बुंदी, बिकानेर अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची छोटी कॅश कूपनं काढली होती. इंग्रज सरकारने 1943 ला भोकाचा पैसा काढला, तांबं वाचवायला. आमची आजी ते पैसे दोऱ्यात ओवून ठेवायची, आम्ही त्याची माळ करून गळ्यात घालायचो आणि मार खायचो.

चिल्लरवाला:
तारीख आहे, 1921. म्हणजे सेटमधलीच! आता आठवलं, त्याच्याकडे अजून तीन-चार होत्या तशाच आणि मी शहाण्यासारखी उंदरांची तेवढी उचलली. प्रदर्शन कालच संपलं 🤦